नवता आणि निर्वाह : भिलाई परिसरातील पंडवानी व कथनाच्या मौलिकतेचा प्रश्न

मराठी समीक्षेत 'स्वतंत्र' हा शब्द दीर्घकाळ प्रशस्तिवाचक राहिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्कृत व इंग्रजी नाटकांची भाषांतरे आणि रूपांतरे विपुल होऊ लागली, तेव्हा कोणती कृती लेखकाच्या स्वतःच्या कल्पनेतून उपजली आणि कोणती उसनवारीची, हा भेद करणे टीकाकारांना अगत्याचे वाटू लागले. या भेदापुढे एक अडचण मात्र आरंभापासूनच होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले, तेव्हा अर्जुन यतिवेषाने द्वारकेत शिरणार आणि सुभद्रा अखेरीस त्याचीच होणार, हे प्रेक्षागृहातील पोराटोरांनाही ठाऊक होते. कथानक पुराणप्रसिद्ध, तरीही नाटक किर्लोस्करांचे, याविषयी कोणाला शंका आली नाही. त्याही पूर्वी मुक्तेश्वर, श्रीधर आणि मोरोपंत यांनी एकाच महाभारताची तीन परस्परभिन्न मराठी रूपे सिद्ध केली होती, आणि कीर्तनाच्या उत्तररंगात ऐकलेलेच आख्यान पुन्हा ऐकण्यासाठी श्रोते रात्र जागवीत होते.

संस्कृत साहित्यशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नव्हता. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्योतात जुन्या अर्थाला रसाचा स्पर्श झाला की तो वसंतातील वृक्षांप्रमाणे नवा भासतो, असा निर्वाळा दिला. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त दुसऱ्याच्या शब्दार्थांच्या हरणाचे प्रकार पाडून त्यांतले ग्राह्य कोणते व त्याज्य कोणते, याची चिकित्सा केली. मात्र या दोघांच्याही डोळ्यांपुढे असलेला कवी हा रचणारा कवी आहे. कथा जेथे रचली जात नाही, तर श्रोत्यांसमोर उभे राहून सांगितली जाते, तेथे निर्वाह या संज्ञेत रचनेखेरीज आणखी बरेच काही येते. कथा कोण सांगतो, कोणत्या आसनात सांगतो, कोणासमोर सांगतो आणि कोठे थांबतो, या बाबी तेथे कथेच्या बाहेरच्या राहत नाहीत. छत्तीसगढमधील भिलाई व तिच्या आसपासचा दुर्ग जिल्हा या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरतो.

मराठी अभ्यासकाला हा प्रदेश परका वाटण्याचे कारण नाही. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या प्रभावाखाली आले. बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून तेथे प्रत्यक्ष कारभार केला आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा संबंध टिकला. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी नागपूर असल्याने १९५६ पर्यंत दुर्गच्या माणसाची वाट कचेरीच्या कामासाठी नागपूरकडेच जात असे. भिलाई तेव्हा मुंबई-हावडा लोहमार्गावरचे एक सामान्य गाव होते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याविषयी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दहा लाख टन पोलादाच्या योजनेभोवती सेक्टरांचे आखीव नगर वसले. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. विदर्भातून गेलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. हे नवे नगर कोऱ्या जमिनीवर उभे राहिले, असे त्याच्या गौरवपर वर्णनांतून अनेकदा सुचविले जाते. वस्तुतः राजहऱ्याच्या खाणीपासून झोतभट्टीपर्यंतच्या सगळ्या मुलखात पंडवानी, नाचा, पंथी आणि चंदैनी यांचे सूर आधीपासून होते. कारखान्याने त्यांच्यापुढे नवे श्रोते आणून बसविले.

पंडवानी म्हणजे पांडवांची वाणी, पांडवांची कथा. परधान आणि देवार गायकांच्या परंपरेत ती गोंड समाजाच्या स्मृतीशी निगडित आहे. परधान गायक बाना या तंतुवाद्याच्या साथीने ती गात, आणि तिचा नायक बहुधा भीम असे. अर्जुनापेक्षा भीम थोर ठरणे हा व्यासांच्या योजनेतील बदल आहे. पण तो कोणा एका गायकाच्या नावावर जमा करता येत नाही. मैदानी छत्तीसगढमधील आजची पंडवानी मात्र बऱ्याच अंशी सबलसिंह चौहान यांच्या दोहा-चौपाईबद्ध महाभारतावर उभी आहे. सतराव्या-अठराव्या शतकांतील हा ग्रंथ छापील स्वरूपात खेडोपाडी पोहोचला आणि निरक्षर गायकांनीही तो ऐकून आत्मसात केला. म्हणजे मुळात संस्कृत, तेथून अवधीकडे झुकणारी हिंदी, तेथून छत्तीसगढी आणि अखेरीस एका कलावंताचा कंठ, असा कथेचा प्रवास आहे. या साखळीत 'मूळ' कोठे शोधावयाचे, हा प्रश्न विचारणाऱ्यालाच थोडा अवघडल्यासारखा करतो.

पंडवानीच्या दोन शाखा सांगितल्या जातात : वेदमती आणि कापालिक. वेदमती शाखेचा गायक ग्रंथाला धरून गातो, तर कापालिक शाखेत कथा गायकाच्या 'कपाळी', म्हणजे स्मृतीत, असते. दुसऱ्या व्याख्येनुसार वेदमती गायक गुडघ्यांवर बसून गातो आणि कापालिक गायक उभा राहून, रंगमंचभर फिरत, अभिनय करीत गातो. या दोन व्याख्या बहुतेक विवेचनांत एकापुढे एक अशा निर्वेधपणे मांडल्या जातात; त्या एकमेकींशी जुळत नाहीत, याकडे सहसा लक्ष वेधले जात नाही. झाडूराम देवांगन हे वेदमतीचे थोर गायक. पूनाराम निषाद हे त्याच शाखेतले. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या शाखेला ग्रंथाचा आधार सबलसिंहांचा. परंतु कापालिक शाखेच्या सर्वांत विख्यात कलावंत तीजनबाई यांनी लहानपणी आपले आजोबा ब्रिजलाल पारधी यांच्या तोंडून जी कथा ऐकून पाठ केली, तीही सबलसिंहांचीच. आधारग्रंथ एक आणि शाखा दोन, असे जर असेल तर शाखाभेद कथेच्या उगमात नाही. तो सांगण्याच्या रीतीत आहे. परंपरेने स्वतःसाठी जी नावे घडविली, ती उगमाची भाषा बोलतात. तिचा व्यवहार मात्र आसनाचा, हातवाऱ्यांचा, उभे राहण्याचा आहे.

आणि उभे राहणे ही येथे साधी गोष्ट नव्हती. तीजनबाईंचा जन्म १९५६ साली भिलाईच्या उत्तरेस सुमारे चौदा किलोमीटरवर असलेल्या गनियारी गावी, पारधी कुटुंबात झाला. पुढे उमेदसिंह देशमुख यांच्याकडून त्यांना काही मार्गदर्शन लाभले. वयाच्या तेराव्या वर्षी शेजारच्या चंद्रखुरी गावी त्यांनी पहिला जाहीर कार्यक्रम केला; बिदागी दहा रुपये. स्त्रिया तोवर गात असत त्या परंपरेने बसून, वेदमती रीतीने. तीजनबाई उभ्या राहिल्या. ज्या कथेत त्यांनी एकाही पात्राची, एकाही प्रसंगाची भर घातली नव्हती, जी कथा त्या गावातील प्रत्येक म्हाताऱ्याला येत होती, ती सांगितल्याबद्दल त्यांना जातीबाहेर काढण्यात आले. लहान वयात झालेले लग्नही टिकले नाही. स्वतः बांधलेल्या झोपडीत, शेजाऱ्यांकडून भांडी आणि धान्य मागून आणून त्यांनी दिवस काढले, पण गाणे सोडले नाही.

या घटनेचा विचार कलाविषयक चर्चेत बहुधा 'संघर्ष' या सदराखाली होतो आणि तेथेच संपतो. तिचा कथनविषयक अर्थ वेगळा आहे. मौलिकता म्हणजे नवे कथाबीज, असे मानल्यास चंद्रखुरीच्या त्या रात्री काहीच नवे घडले नव्हते. समाजाला मात्र काहीतरी असह्य नवे घडल्याचे तत्काळ उमगले. दुःशासनाची छाती फोडणारा भीम एका मुलीच्या देहातून गर्जत होता. कथा कोणाची, याविषयी समाजाला वाद नव्हता; ती उभ्याने सांगण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी होता. समीक्षकांनी 'केवळ सादरीकरण' म्हणून ज्या बाबीची बोळवण केली असती, तिच्यासाठी समाजाने दंड ठरविला. 'केवळ' हा शब्द येथे लागू पडत नाही, हे बहिष्कार घालणाऱ्यांना टीकाकारांपेक्षा अधिक नेमके कळले होते, असे म्हणावे लागते.

प्रत्यक्ष सादरीकरणाची घडण पाहिल्यास हे अधिक स्पष्ट होते. गायिकेच्या एका हातात मोरपिसांनी सजविलेला तंबुरा, दुसऱ्या हातात करताल. मागे हार्मोनियम, तबला, ढोलक, मंजिरा यांची साथ. तंबुरा एकच, पण तो क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य, क्षणात रथ, आणि द्रौपदीच्या प्रसंगी तिचे मोकळे केस. वेषांतर नाही, पडदा नाही, दुसरे पात्र नाही. गायिका निवेदन करता करता पात्र होते आणि पात्र असता असताच पुन्हा निवेदक होऊन श्रोत्यांकडे वळते. दुःशासनवधात भीमाचा क्रोध आणि द्रौपदीची वाट पाहणे ही दोन्ही एकाच देहाला लागोपाठ वाहावी लागतात; सूड घेणारा आणि जिच्यासाठी सूड घेतला जातो ती, यांच्यातील अंतर एका वळण्याइतके उरते. लेखी महाभारतात ही निकटता नाही. दुःशासनाचे रक्त पिणाऱ्या भीमाकडे वाचक दुरून पाहतो. पंडवानीचा श्रोता त्याच चेहऱ्यावर पुढच्या क्षणी द्रौपदी पाहतो.

साथीदारांपैकी एक असतो तो रागी. तो हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, आश्चर्य दाखवितो, श्रोत्यांच्या मनातली शंका मोठ्याने बोलतो. कीर्तनकाराच्या मागे उभ्या असलेल्या झिलकऱ्यांशी त्याचे नाते जोडण्याचा मोह मराठी अभ्यासकाला होईल. पण झिलकरी धरतो तो सूर, आणि रागी धरतो तो कथेचा ओघ. 'मग काय झाले' हे त्याला पक्के ठाऊक असते, कारण त्याने ती कथा शेकडो वेळा ऐकलेली असते; तरी तो विचारतो, आणि विचारण्याच्या त्या रीतीवर उत्तराचा रंग ठरतो. ठाऊक असलेल्या गोष्टीविषयी खरेखुरे कुतूहल निर्माण करणारी अशी स्वतंत्र भूमिकाच या परंपरेने कल्पिली आहे. आजचा बाजारभाव, गाडीची वेळ, शेजारच्या गावची भानगड हे सारे याच संवादातून कथेत शिरते आणि हस्तिनापूर दुर्गपासून फार लांब राहत नाही.

भिलाईने या कलेला काय दिले? हबीब तनवीर यांच्यासारख्या रंगकर्मीने तीजनबाईंचे गुण हेरले. पोलाद कारखान्याने त्यांना नोकरी दिली. श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' या दूरदर्शन मालिकेत महाभारताच्या भागांतून त्या देशभर दिसल्या. पुढे २००३ मध्ये पद्मभूषण व २०१९ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना लाभले. नोकरीमुळे लोककलावंताला निश्चित वेतन मिळाले, ही गोष्ट लहान नाही. त्याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. गावात कित्येक रात्री चालणारी कथा सभागृहात तास-दीड तासाची झाली. श्रोत्यांतले कोणी तमिळ, कोणी बंगाली, कोणी मराठी. छत्तीसगढी सर्वांनाच समजे असे नाही. साहजिकच ज्यांत कृती अधिक आणि वर्णन कमी असे प्रसंग पुढे आले : द्रौपदीवस्त्रहरण, दुःशासनवध, भीष्मार्जुनयुद्ध. वंशकथा, उपाख्याने, नीतिसंवाद मागे पडले. निर्वाहाची कसोटी कठीण झाली, आणि कथेचा पट त्याच प्रमाणात अरुंद झाला. ही हानी मान्य न करता केवळ कीर्तीचा आलेख काढणे इतिहासाला धरून होणार नाही. तरीही परंपरा खुंटली नाही. भिलाईच्याच रितू वर्मा यांनी वेदमती रीतीने, बसून, गाण्याचा मार्ग पत्करला; तीजनबाईंकडे शिकलेल्या उषा बारले यांना कापालिक गायनासाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. बसणे ही एके काळी स्त्रीवर असलेली अट होती. पुढच्या पिढीत ती निवड झाली.

याच नगरात, याच काळात, नवता आणि निर्वाह यांचा आणखी एक प्रयोग घडला. १९७०च्या दशकात हबीब तनवीर यांनी भिलाईत कार्यशाळा घेऊन नाचाच्या कलावंतांसह एक कथा उभी केली. तिचेच १९७५ पर्यंत 'चरणदास चोर' झाले. कथा छत्तीसगढची नव्हती. ती राजस्थानातील बोरुंद्याचे लेखक विजयदान देथा यांच्याकडून आली होती, आणि देथांनीही ती लोकमुखातून घेतली होती. एक चोर गुरूपुढे थट्टेने चार प्रतिज्ञा करतो : सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. गुरू पाचवी घालतो, खोटे बोलणार नाही. पुढे या पाचही गोष्टी त्याच्यापुढे चालून येतात आणि वचन पाळता पाळता त्याचा प्राण जातो. राजस्थानी कथेतील चातुर्य भिलाईच्या मैदानात बसलेल्या सतनामी श्रोत्यांपुढे निराळ्याच अर्थाने उजळले. सत्य हेच ज्यांच्या पंथाचे नाव, त्यांना खोटे न बोलता मेलेला चोर विनोदी वाटणे शक्य नव्हते. नाटकाच्या शेवटी चोराची पूजा होते आणि पंथी गीतांचा सूर त्या मरणाला वेढतो. कथाबीज जसेच्या तसे राहिले. ते ऐकणारा समाज बदलला आणि कथा शोकात्म झाली. १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात या नाटकाला पारितोषिक मिळाले, तेव्हा परदेशी समीक्षकांनी त्याला अस्सल छत्तीसगढी म्हटले तर त्यात चूक काही नव्हती.

तीजनबाईंना २०१८ मध्ये जपानमधील फुकुओका पारितोषिकही मिळाले. ज्या देशाने हा सन्मान केला, त्या देशात छापील चित्रकथेच्या क्षेत्रात हाच वाद गेली कित्येक दशके निराळ्या अंगाने चालू आहे. त्याचा येथे विचार करणे उपयुक्त ठरेल. दोन मुलींच्या वा स्त्रियांच्या परस्परप्रेमाच्या कथांना तेथे 'यूरी' म्हणतात. शब्दाचा अर्थ लिलीचे फूल. १९७६ च्या सुमारास इतो बुनगाकू या संपादकाने अशा स्त्रियांना लिलीच्या कुळातील म्हटले, तेथून ही संज्ञा रूढ झाली. परंपरा मात्र जुनी आहे. योशिया नोबुको या लेखिकेने १९१६ ते १९२४ या काळात 'हाना मोनोगातारी', म्हणजे फुलांच्या कथा, या मालिकेत मुलींच्या शाळा, थोरली आणि धाकटी विद्यार्थिनी, पत्रे, फुले आणि अटळ ताटातूट यांचा एक साचा सिद्ध केला. शाळा संपली की लग्न आणि लग्न झाले की विसर, हा त्या साच्याचा सामाजिक आधार होता. विशेष असे की लेखिकेने स्वतः मोन्मा चियो या सहचरीसह पन्नासांवर वर्षे संसार केला. तिच्या नायिकांना जे सहसा लाभले नाही, ते तिने जगून दाखविले.

१९७१ मध्ये यामागिशी र्योको यांची 'शिरोई हेया नो फुतारी' ही चित्रकथा आली. यूरी चित्रकथांचा आरंभ बहुधा तिच्यापासून मानतात. वसतिगृह, एकाच खोलीतील दोघी, आणि शेवटी एकीचा मृत्यू. यानंतर हा शेवट इतका रूढ झाला की वाचकांनी पहिल्या पानावरच तो ओळखावा. अशा साहित्यावर 'तेच ते' हा आक्षेप येणे स्वाभाविक होते. परंतु त्याला मिळालेले उत्तर नव्या कथाबीजाचे नव्हते. कोन्नो ओयुकी यांच्या १९९८ ते २०१२ या काळातील 'मारिया-सामा गा मितेरु' या कथामालेने जुना साचाच उचलला : मिशनरी वळणाची मुलींची शाळा, थोरलीने धाकटीला जपमाळ देऊन बहीण मानणे. साऱ्या कथेचा आरंभ होतो तो थोरलीने धाकटीच्या गणवेशाचा गळपट्टा सरळ करण्यापासून. इतक्या अल्प कृतीवर शेकडो पाने तोलून धरणे हे निर्वाहाचेच काम आहे. नाकातानी निओ यांच्या 'यागाते किमी नी नारु' (२०१५-२०१९) या चित्रकथेत पुन्हा शाळा, पुन्हा थोरली आणि धाकटी. शाळेतल्या नाटकाचा प्रसंगही आहे. मात्र प्रेमाच्या प्रसिद्ध वर्णनांप्रमाणे आपल्याला काहीच का वाटत नाही, असे कोडे पडलेली मुलगी तेथे मध्यभागी आहे, आणि अखेरच्या प्रकरणात दोघी पुढच्या वयात एकत्र दिसतात. साच्यातले एकच टोक हलले आहे. त्या एका टोकासाठी जपानी वाचकाला 'हाना मोनोगातारी'पासून जवळजवळ शंभर वर्षे थांबावे लागले, हे ध्यानात घेता 'नवीन काय' हा प्रश्न किती वरवरचा असू शकतो, हे दिसते.

मराठीत या विषयाला विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' या नाटकात १९८१ साली हात घातला. विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रोहिणी हट्टंगडी यांनी सुमित्रा उभी केली. विषयाच्या दृष्टीने ते नाटक मराठीत निःसंशय अपूर्व होते. तरी त्याच्या निर्वाहाकडे पाहता दोन गोष्टी लक्षात येतात. सुमित्राची कथा सांगतो तो तिचा मित्र बापू, ती स्वतः नव्हे. आणि तिचा शेवट आत्मनाशात होतो. अपूर्व कथाबीज जुन्याच शेवटाकडे वळले. तेंडुलकरांच्या सहानुभूतीविषयी वा त्यांच्या धैर्याविषयी येथे आक्षेप नाही. पण विषयाच्या नवतेने कथनाचा अधिकार आपोआप हस्तांतरित होत नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे. चंद्रखुरीला याच्या नेमके उलट घडले होते. विषय हजारो वर्षांचा होता. सांगणारी मात्र कोणाची परवानगी न घेता उभी राहिली होती.

'चरणदास चोर' ज्यांच्याकडून आले, त्या विजयदान देथांनीच या कथाबीजाचेही एक रूप सिद्ध केले आहे. 'दोहरी जूण' या त्यांच्या राजस्थानी कथेत दोन सावकार मित्र आपल्या होणाऱ्या अपत्यांचा विवाह जन्माआधीच ठरवितात. दोघांनाही मुली होतात. हुंड्याच्या लोभाने एकजण आपल्या मुलीला मुलगा म्हणून वाढवितो, आणि बीजा व तीजा यांचे लग्न लागते. सत्य उघड झाल्यावर दोघी गाव सोडतात. भुतांचा सरदार त्यांना आश्रय देतो आणि बीजाला पुरुष होण्याचा वर मिळतो. येथपर्यंत लोककथेची वाट आहे. देथांची कथा मात्र पुढे जाते. पुरुष झालेल्या बीजाच्या अंगी पुरुषाचा ताठाही येतो, तीजावर हुकमत चालू होते, आणि अखेरीस तो देह टाकून पुन्हा स्त्री होण्यातच तिला सुख दिसते. दोघी स्त्रिया म्हणूनच एकत्र राहतात. कथाबीज देथांचे नाही. तो शेवट कथेला पेलवेल अशा रीतीने तेथवर नेणे हे त्यांचे आहे.

ते कथाबीज महाभारतातच आहे, आणि म्हणून ते पंडवानीच्याही आवाक्यातले आहे. उद्योगपर्वातील अंबोपाख्यानात द्रुपद आपल्या कन्येला पुत्र म्हणून वाढवितो आणि दशार्ण देशाचा राजा हिरण्यवर्मा याच्या कन्येशी तिचा विवाह करतो. शिखंडी पुरुष नाही, हे नववधूला कळते. ती लाजत ते आपल्या दायांना व सख्यांना सांगते, त्या ते राजाच्या कानी घालतात, आणि युद्धाची धमकी येते. शिखंडी वनात जाते, स्थूणाकर्ण यक्षाशी देहरूपाची अदलाबदल करते आणि पुरुष होऊन परतते. हिरण्यवर्मा स्त्रिया पाठवून खात्री करून घेतो, संतुष्ट होतो, जावयाला संपत्ती देतो. भीष्मवधाच्या तयारीला लागलेल्या ग्रंथाला शिखंडीचे पौरुष हवे आहे. ते मिळाल्यावर उपाख्यानाचे काम संपते. सभागृहातल्या तासाभराच्या भीष्मार्जुनयुद्धात तर त्याला जागाच नसते. शिखंडी तेथे थेट अर्जुनाच्या पुढे उभी ठाकलेली असते, आणि 'ही कोण' असे रागीने विचारले तरी उत्तर रणभूमीपुरतेच मिळते.

दशार्ण राजकन्येला व्यासांनी नाव दिलेले नाही. तिने जे सांगितले होते ते त्या वेळी खरे होते. परत निघताना हिरण्यवर्मा तिचीच निर्भर्त्सना करून जातो, आणि पांचालांच्या अंतःपुरात, आता पुरुष झालेल्या त्या पतीपाशी, ती मागे राहते.